सैल सांधा

मागच्या वर्षी नववीत असताना वुडवर्कच्या प्रॅक्टिकलला आम्हाला प्रत्येकी एक स्टूल करायचं होतं. चार पाय, चार आडव्या पट्ट्या आणि वर बसायची फळी. माझ्या स्टुलाला २० पैकी १७ गुण मिळाले आणि ते हाऊसच्या कॉमन रूममध्ये ठेवलं गेलं. सुट्टीत आई-बाबांना मी त्याचा फोटोही दाखवला.

या एप्रिलमध्ये सहावीतला एक ज्युनियर कपाटावर अडकलेलं शटल काढायला त्या स्टुलावर उभा राहिला. एका पायातून पट्टी सुटली, पाय बाहेर कलला आणि तो टेबलाच्या कडेवर पडला. एमआय रूममध्ये त्याच्या हनुवटीला तीन टाके पडले. स्टुलावर उभं राहिल्याबद्दल बोलणीही त्यालाच खावी लागली.

स्टूल का मोडलं ते मला माहीत होतं. ऑगस्टमध्ये ते जोडतानाच त्या सांध्यात फट होती. मी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून ती भरली, वरून पॉलिश पेपर मारला आणि चपड्याचं पॉलिश दिलं. फट दिसेनाशी झाली. ज्युनियर पडल्यावर दोन दिवस मी गप्प राहिलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रेपच्या आधी सुटलेली पट्टी घेऊन वर्कशॉपमध्ये उस्तादजींकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, वाळलेला भुसा नखाने खरवडला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इसको पास तो मैंने किया था." ते स्वतः माझ्याबरोबर हाऊस मास्टर सरांकडे आले. तिथे काय बोलणं झालं तो या लेखाचा विषय नाही. त्यानंतरचे पाच रविवार मी वर्कशॉपमध्ये होतो आणि तिथे जे शिकलो ते इथे लिहितो आहे. यंदाच्या नववीची स्टुलं आता सुरू होतील.

आधी नावं सांगतो, कारण नावांचा माझाही घोटाळा झाला होता. स्टुलाच्या आडव्या पट्टीचं टोक दोन्ही बाजूंनी कापून त्याची जी जीभ तयार करतात, तिला मराठीत कुसू म्हणतात. पायात जी चौकोनी खाच कोरतात तिच्यात हे कुसू बसतं. कुसाच्या दोन रुंद बाजूंना आपण गाल म्हणू. गाल संपतात तिथे पट्टीची जी काटकोनी पायरी राहते तिला खांदा. हिंदीत कुसाला चूल म्हणतात आणि खाचेला साल. पहिल्या वर्षी उस्तादजी माझ्या कामाकडे बघून म्हणाले होते, "चूल ढीली है." मला चिपळूणच्या घरची आजीची चूल आठवली आणि मी हसलो. त्यांना वाटलं मी त्यांनाच हसतोय. तेव्हा 'चूल' म्हणजे काय ते विचारलं असतं तर कदाचित पुढचं टळलं असतं. हिंदीत एखादी गोष्ट मुळापासून हादरली की 'चूलें हिल गईं' म्हणतात, ते याच चुलीवरून आलं आहे.

उस्तादजी लष्कराच्या इंजिनिअर्समध्ये सुतार होते आणि त्यांचं ट्रेनिंग पुण्याजवळ खडकीला झालं. त्यामुळे त्यांना मराठीतले चार-पाच शब्द येतात. त्यांतला 'हळू' ते सगळ्यात जास्त वापरतात.

पहिल्या रविवारी त्यांनी मला एकही हत्यार हातात घेऊ दिलं नाही. पट्टी आणि पाय समोर ठेवून फक्त सांगायचं होतं की चूक कुठे आहे. मी म्हणालो, सांधा सैल आहे. ते म्हणाले, ते तर ज्युनियरच्या हनुवटीलाही कळलं. कुठे सैल आहे, किती सैल आहे आणि का?

'कुठे' हे बघायला कुसू गोंद न लावता खाचेत घालायचं आणि पट्टी हलवायची. पट्टी पायाच्या उभ्या दिशेत वरखाली सरकत असेल तर कुसाची रुंदी खाचेच्या लांबीपेक्षा कमी आहे. डावी-उजवीकडे लटपटत असेल तर गाल पातळ आहेत किंवा खाच रुंद आहे. सांधा घट्ट आहे पण खांद्याशी फट दिसते, तर खांदा काटकोनात नाही, किंवा खाच पुरेशी खोल नसल्यामुळे कुसाचं टोक तळाला टेकतं आहे. आणि सगळं नीट बसूनही स्टूल चारही पायांवर उभं राहत नसेल तर चौकटीला पीळ आहे. या प्रत्येकाचं औषध वेगळं आहे. मी सगळ्यांना एकच औषध दिलं होतं, भुसा आणि फेविकॉल.

'किती' मोजण्याची पद्धत मला फार आवडली, कारण तिला काहीही विकत आणावं लागत नाही. प्रिंटरचा ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. त्याच्या पट्ट्या कापून फटीत एकेक सरकवत जायचं. जितक्या पट्ट्या मावतील तितके दशांश मिलिमीटर. माझ्या सांध्यात सात मावल्या, म्हणजे ०.७ मिलिमीटर. ऐकायला हे काहीच नाही. सुतार ज्याला एक सूत म्हणतात तो इंचाचा आठवा भाग, म्हणजे तीन मिलिमीटरच्या थोडा वर. माझी फट पाव सुताचीही नव्हती. तरी स्टूल मोडलं.

'का' याची दोन उत्तरं निघाली. पहिलं माझ्या करवतीचं. करवतीच्या पात्यालाही जाडी असते. रेघेवरून करवत चालवली तर पात्याची अर्धी जाडी कुसातून जाते. करवत नेहमी रेघेच्या बाहेर, म्हणजे जे लाकूड टाकून द्यायचं आहे त्या बाजूला चालवायची आणि कापून झाल्यावर कुसावर अर्धी रेघ शिल्लक दिसली पाहिजे. माझ्या पट्टीवर एका गालाकडची रेघ पूर्ण गायब होती. खाच कोरतानाही मी पटाशी खाचेच्या काठावर टेकवून तरफेसारखी दाबून ढलप्या उचलल्या होत्या. त्यामुळे काठ आतल्या बाजूला चेपून गोल झाले होते.

दुसरं उत्तर इथल्या हवेचं आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. ओलावा घेतला की फुगतं, सोडला की आकसतं. पण हे फुगणं-आकसणं जवळजवळ सगळं आडव्या दिशेला होतं. लाकडाचे धागे ज्या दिशेने धावतात त्या लांबीच्या दिशेला फरक नगण्य असतो. आमच्याकडे कोकणात जुलैमध्ये दारं फुगून चौकटीत अडकतात, पण उंचीने दार कधी वाढत नाही, ते याचमुळे. आता सांध्याकडे बघा. पायाचे धागे उभे आहेत, पट्टीचे आडवे. कुसाची रुंदी जिथे खाचेच्या लांबीला भिडते तिथे कुसू पावसाळ्यात फुगू पाहतं, आणि खाच मात्र त्या दिशेला जराही वाढत नाही. मग कुसाचे धागे आतल्या आत चेपले जातात. इथे उन्हाळ्यात लू सुरू झाली, हवा कोरडी पडली, की तेच कुसू आकसतं आणि चेपल्यामुळे पहिल्यापेक्षाही बारीक होतं. माझं स्टूल ऑगस्टच्या दमट हवेत झालं आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत सुटलं. चांगला सांधा हे दरवर्षी सोसतो. माझ्या सांध्यात सोसायला लाकूडच नव्हतं.

यावरून मला आजीची एक सवय आठवली. कुदळीचा किंवा कुऱ्हाडीचा दांडा सैल झाला की ती अवजार रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवते. सकाळी दांडा घट्ट. उस्तादजी म्हणाले, त्यांच्या गावातही असंच करतात आणि एका दिवसाच्या कामापुरतं ते ठीकही आहे. पण भिजून फुगलेलं लाकूड लोखंडाच्या भोकात चेपलं जातं, आणि वाळलं की दांडा आधीपेक्षा जास्त सैल होतो. म्हणून मग पुन्हा बादली. सुट्टीत घरी गेल्यावर मी हे आजीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "बादली फुकट आहे."

आता फेविकॉलबद्दल. पांढरा गोंद लाकडाला इतका घट्ट धरतो की नीट बसलेला सांधा ओढून तोडला तर बहुतेक वेळा गोंदाऐवजी बाजूचं लाकूड फाटतं. पण हे तेव्हाच, जेव्हा दोन लाकडं एकमेकांना टेकलेली असतात आणि मध्ये गोंदाचा फक्त पातळ थर असतो. हा गोंद पाणी उडून गेल्यावर घट्ट होतो. जाड भरला तर पाणी उडताना तो स्वतः आकसतो आणि मध्ये पोकळी राहते. त्यात भुसा कालवला की आणखी बिघडतं, कारण भुशाच्या कणांचे धागे कुठेच जात नाहीत. ते लाकूड राहत नाही, गोंदात अडकलेली धूळ होते. बारीक ओरखडा किंवा खिळ्याचं भोक लपवायला भुसा-गोंद किंवा बाजारातली लांबी चालते. तीही पॉलिशखाली वेगळ्या रंगाचा डाग होऊन दिसते, कारण गोंद रंग पीत नाही. पण जिथे वजन येणार आहे तिथे या लगद्याचा काही उपयोग नाही.

मग उपाय काय? जिथे लाकूड कमी आहे तिथे लाकूडच घालायचं.

त्याआधी जुना गोंद काढावा लागतो आणि हे काम सगळ्यात कंटाळवाणं आहे. वाळलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल धरत नाही. त्याला शिरायला लाकडाची उघडी छिद्रं लागतात, आणि ती आधीच्या गोंदाने बुजलेली असतात. कोमट पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेली चिंधी गालांवर थोडा वेळ ठेवली की जुना गोंद पांढुरका आणि रबरासारखा मऊ होतो. मग धारदार पटाशी उभी धरून तो खरवडायचा. पूर्ण निघाला का ते बघायला लाकडावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब पसरून आत मुरला तर लाकूड उघडं आहे, मण्यासारखा वर बसून राहिला तर अजून गोंद आहे. मला ही सफाई करायला अख्खा दुसरा रविवार लागला, आणि नंतर लाकूड पुरतं वाळायला पुढच्या रविवारपर्यंत थांबावं लागलं. आजोबा-पणजोबांच्या काळातल्या फर्निचरला सरस लावलेला असतो. तो उष्णतेने आणि पाण्याने पुन्हा विरघळतो आणि त्यावर नवा सरस धरतोही. म्हणून जुन्या खुर्च्या उघडून दुरुस्त करणं सोपं जातं.

तिसऱ्या रविवारी चिपटी लावली. त्याच जातीच्या लाकडाची पातळ पट्टी घ्यायची. आमचं स्टूल शीशमचं आहे (आपल्याकडच्या शिसवीचा हा उत्तरेतला भाऊबंद, पण झाड वेगळं), म्हणून चिपटीही शीशमची. तिचे धागे कुसाच्या धाग्यांच्याच दिशेने हवेत. आडवे लावले तर दोन लाकडं दोन दिशांना फुगतील आणि चिपटी सुटेल. फट ०.७ मिलिमीटर असली तरी चिपटी त्याहून जाड, दीड मिलिमीटरची घेतली, कारण नंतर तासून कमी करता येतं, वाढवता येत नाही. पूर्ण गालावर गोंद पसरला, चिपटी ठेवली, वर प्लॅस्टिकचा कागद, त्यावर लाकडाचा ठोकळा आणि मग क्लॅम्प. प्लॅस्टिक विसरलात तर ठोकळाही कुसाला कायमचा चिकटतो. माझा चिकटला नाही, पण शेजारी काम करणाऱ्या मित्राचा चिकटला.

चिपटी कोणत्या गालावर लावायची याचाही विचार करावा लागतो. दोन्ही गालांवर अर्धी-अर्धी लावली तर पट्टी मध्यावर राहील, पण माझी एकाच बाजूने जास्त कापली गेली होती. त्यामुळे त्याच बाजूला लावली. चुकीच्या गालावर लावली असती तर सांधा घट्ट झाला असता, पण पट्टी पायाच्या पुढे किंवा मागे सरकून बाकीच्या तीन पट्ट्यांशी जुळली नसती.

दुसऱ्या दिवशी चिपटी तासून बसवायची. घाई केली तर इथेच सगळं पुन्हा बिघडतं. पटाशीने एका वेळी कागदाइतका पापुद्रा काढायचा आणि घालून बघायचं. नीट बसणाऱ्या कुसाची खूण अशी की ते हाताच्या दाबाने किंवा लाकडी हातोड्याच्या हलक्या टोल्यांनी आत जातं, आणि पट्टी धरून उचलली तर पाय खाली गळून पडत नाही. त्यापेक्षा घट्टही नको. फार घट्ट कुसू ठोकून बसवलं तर गालांवरचा गोंद पुसला जाऊन तळाशी साचतो आणि कधी कधी पायच उभा चिरतो. कुठे अडतंय ते कळत नसेल तर गालांवर पेन्सिल आडवी धरून काळं करायचं, कुसू घालायचं आणि बाहेर काढायचं. जिथे घासलं असेल तिथे काळं चकाकतं. फक्त तेवढंच तासायचं. पॉलिश पेपरने गाल घासू नका. त्याने कडा गोल होतात आणि मधेच टेकणारा सांधा तयार होतो.

माझ्या दुसऱ्या पट्टीला खांद्याशी फट होती. तिच्यासाठीची युक्ती मला जादूसारखी वाटली. सांधा गोंदाशिवाय जोडायचा, जितका मिटेल तितका मिटवायचा आणि क्लॅम्पने धरायचा. मग बारीक दातांची करवत खांदा आणि पाय यांच्या मधल्या फटीतून हलकेच फिरवायची, फक्त कुसापर्यंत. जिथे खांदा पायाला टेकतो तिथे करवत तो कापते, जिथे फट आहे तिथे हवेतून जाते. सांधा पुन्हा मिटवला की फट कमी झालेली असते. दोन-तीनदा केलं की खांदा पायाला बरोबर भिडतो. फक्त त्या पट्टीची लांबी दर वेळी पात्याच्या जाडीएवढी कमी होते. म्हणून समोरची पट्टीही तेवढीच कमी करावी लागते, नाहीतर स्टूल वरून चौकोनी न राहता एका बाजूला निमुळतं होतं. आणि कुसू खाचेच्या तळाला टेकत असेल तर आधी त्याचं टोक एक-दोन मिलिमीटर कापायचं. नाहीतर कितीही करवत फिरवली तरी खांदा मिटणार नाही. मी अर्धा तास फिरवली होती.

क्लॅम्प जोरात आवळून फट मिटवायचा मोह होतो, कारण ती मिटतेही. पण लाकूड वाकून मिटलेलं असतं. क्लॅम्प काढल्यावर ते सरळ व्हायला बघतं आणि वर्षभर आतून गोंद ओढत राहतं. क्लॅम्प हा गोंद वाळेपर्यंत धरून ठेवण्यासाठी असतो, चूक मिटवण्यासाठी नसतो.

खिळा तर नकोच. हलणाऱ्या खुर्चीला खिळा मारलेला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. खिळा धाग्यांमध्ये घुसून त्यांना बाजूला ढकलतो, सांधा हलला की लोखंड भोक मोठं करत जातं, आणि पुढे कधी तो सांधा उघडून नीट करावा म्हटलं तर खिळा काढताना कुसूच फाटतं.

त्याऐवजी मेख. चौथ्या रविवारी उस्तादजींनी बांबूची मेख मारायला शिकवली. आधी रिकाम्या पायात, खाचेच्या आरपार, सहा मिलिमीटरचं भोक पाडायचं. मग कुसू आत घालून त्या भोकातून ड्रिलच्या टोकाने कुसावर फक्त खूण करायची. कुसू बाहेर काढायचं आणि कुसातलं भोक खुणेवर न पाडता खुणेपासून एक मिलिमीटर खांद्याच्या बाजूला सरकवून पाडायचं. आता पुन्हा जोडलं की दोन भोकं जराशी चुकलेली असतात. टोकाला निमुळती केलेली मेख ठोकली की ती दोन्ही भोकं जुळवायला बघते आणि जुळवताना कुसू आत खेचते. खांदा पायावर घट्ट बसतो, क्लॅम्प नसतानाही. शीशमसारख्या कडक लाकडात एक मिलिमीटर पुरे, जास्त सरकवलं तर मेख तुटते. उलट बाजूला सरकवलं तर मेख सांधा बाहेर ढकलते. मी सरावाच्या तुकड्यावर पहिल्यांदा नेमकं तेच केलं.

पाचरही असते, पण ती आमच्या स्टुलाला लावता येत नाही. जिथे कुसू पायाच्या आरपार जाऊन दुसऱ्या बाजूला दिसतं तिथे त्याच्या टोकाला करवतीने चीर द्यायची आणि तिच्यात पाचर ठोकायची. कुसू टोकाशी रुंद होतं आणि परत बाहेर येऊ शकत नाही. हातोड्याच्या दांड्यात वरून ठोकलेली पाचर हेच काम करते. एक गोष्ट मात्र पाळायची. पाचरीचा जोर पायाच्या धाग्यांच्या दिशेने, म्हणजे वर-खाली पडला पाहिजे. आडवा पडला तर पाचर पायाला सरपणासारखा फोडते. आमच्या खाचा आरपार नाहीत आणि आतल्या आत पाचर लपवायची पद्धत असली तरी ती एकदाच साधते. चुकली तर सांधा ना आत जातो ना बाहेर येतो. उस्तादजींनी तिला हात लावू दिला नाही. मराठीत 'पाचर मारणे' म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोडा घालणं. सुताराला हा वाक्प्रचार अन्याय वाटत असेल.

पाचव्या रविवारी स्टूल जोडलं. गोंद खाचेच्या भिंतींना आणि गालांना दोन्हीकडे पातळ लावला. कुसाच्या टोकाला लावून उपयोग नसतो, तिथे कापलेले धागे गोंद पिऊन टाकतात आणि काहीच धरत नाहीत. क्लॅम्प लावल्यावर लगेच वरच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजले. एक दोन मिलिमीटर जास्त भरला, म्हणजे चौकोन थोडा कलला होता. क्लॅम्प लांब कर्णाच्या दिशेने किंचित तिरके केले आणि कर्ण सारखे झाले. गोंद ओला असताना हे दोन मिनिटांचं काम असतं, वाळल्यावर होतच नाही. त्यानंतर २४ तास स्टुलावर कोणी बसायचं नाही अशी चिठ्ठी लावली. पॉलिश मी मुद्दाम पातळ ठेवलं आहे, सांधे दिसावेत म्हणून.

उस्तादजी स्टुलावर उभे राहिले. त्यांचं वजन ८० किलोच्या वर असेल. मग त्यांनी एका पायावर स्टूल कलवून डुलवलं. मी श्वास रोखून बघत होतो. "हळू," ते मला म्हणाले, स्वतः डुलत असताना.

ज्या ज्युनियरला टाके पडले त्याला मी सॉरी म्हटलं होतंच, पण स्टूल परत आलं त्या दिवशी त्यालाही बोलावलं. सुटलेली पहिली चिपटी, भुशाचा वाळलेला लगदा आणि कागदाच्या सात पट्ट्या दाखवल्या. त्याने पट्ट्या मोजल्या, हनुवटी चोळली आणि विचारलं, "सर, इतने से में गिर गया?" मग स्टूल उलटं करून मेख शोधली, बोटाने दाबून बघितली आणि म्हणाला की पुढच्या वर्षी त्यालाही वुडवर्क घ्यायचं आहे.

नंतर मी कॉमन रूममधली बाकीची तीन स्टुलंही कागदाच्या पट्टीने तपासली. दोन चांगली आहेत. भिंतीजवळच्या तिसऱ्याला एका खांद्याशी चार कागद मावतात आणि फटीत भुसा भरलेला आहे. ते कोणी केलं ते मला माहीत आहे आणि त्यालाही माहीत आहे. आम्ही दोघांनी या रविवारची परवानगी काढली आहे. तोपर्यंत ते स्टूल वर्कशॉपच्या कुलपात आहे.